वाचकांचे प्रश्न: जुन्या होम कॉम्प्युटरची व्हिडिओ केबल

माळ्यावरून खाली आलेले ऐंशीच्या दशकातले संगणक आजच्या टीव्हीला जोडायचे कसे, याबद्दल किनारपट्टीतल्या वाचकांचे प्रश्न आले आहेत. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांना एक अट लागू आहे: आधी मोजा, मग जोडा. घरात मल्टिमीटर नसेल तर सोल्डरिंगचं सामान आणण्याआधी तो आणा.

काकांनी दुबईहून आणलेला कमोडोर ६४ घरात आहे. सोबत फक्त अँटेनाची वायर आहे आणि तिच्यावर टीव्हीत मुंग्या दिसतात. मागे आठ भोकांचं गोल सॉकेट आहे. त्यातून टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटपर्यंत केबल घरी बनवता येईल का? — वाचक, गुहागर

येईल, आणि चित्रातला फरक लगेच कळेल. अँटेनाच्या वायरीतून जाणारा सिग्नल आधी संगणकातला मॉड्युलेटर टीव्ही चॅनेलवर चढवतो आणि मग टीव्ही तो पुन्हा उतरवतो. गोल सॉकेटवर हाच सिग्नल त्या खटाटोपाआधी मिळतो.

केबलच्या आधी वीजपुरवठ्याचा ठोकळा तपासा. कमोडोर ६४ चा मूळ ठोकळा आतून राळेने भरलेला असतो. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर वय झालं की जातो, आणि जाताना बहुतेक वेळा व्होल्टेज वर चढवतो. सहा-सात व्होल्ट आत गेले की मेमरीच्या चिप जळतात. ठोकळा संगणकाला न जोडता चालू करा, मीटर डीसीवर ठेवा आणि त्याच्या सात पिनांच्या प्लगमध्ये पिन ५ आणि पिन २ यांच्यात मोजा. आकडा ४.८ ते ५.२ च्या बाहेर असेल तर तो ठोकळा वापरू नका. आज आकडा बरोबर आला म्हणून पुढच्या महिन्यातही येईल याची हमी नसते. संगणक नेहमी वापरायचा असेल तर ओव्हरव्होल्टेज संरक्षण असलेला नवा पुरवठा घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता सॉकेट. पिन १ वर ल्युमा, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा सिग्नल. २ ग्राउंड, ३ आवाज बाहेर, ४ कंपोझिट व्हिडिओ, म्हणजे उजेड आणि रंग एकत्र असलेला सिग्नल, ५ आवाज आत, ६ क्रोमा म्हणजे रंगाचा सिग्नल. ७ रिकामी. ८ वर काही बोर्डांत थेट ५ व्होल्ट असतात, म्हणून तिला काहीच जोडायचं नाही, ग्राउंडसुद्धा नाही. पिनांचे आकडे ओळीने नसतात आणि घरी बनवलेल्या केबली इथेच सर्वांत जास्त चुकतात. कमानीत क्रम ६-१-४-२-५-३-७ असा लागतो आणि ८ मधोमध असते. प्लगच्या प्लास्टिकवर प्रत्येक पिनेशेजारी बारीक आकडा उमटवलेला असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून तोच वाचा. सॉकेट समोरून जसं दिसतं तशीच प्लगची सोल्डर करायची बाजू दिसते. पिनांच्या बाजूने पाहिलं की डावं-उजवं बदलतं.

पिवळ्या सॉकेटपुरती केबल हवी असेल तर आठ पिनांचा प्लग शोधायची गरज नाही. पाच पिनांचा १८० अंशांचा डीआयएन प्लग पुरतो. जुन्या टेपरेकॉर्डरला लागायचा आणि आजही मिडी कीबोर्डला लागतो, तोच हा. कमोडोरच्या आठ भोकांच्या सॉकेटात तो नीट बसतो आणि १ ते ५ पिना आपापल्या जागी येतात. पाच पिनांचा २४० अंशांचा प्लगही बाजारात असतो, तो चालणार नाही. सोबत दोन आरसीए प्लग घ्या, एक पिवळा आणि एक पांढरा. चिपळूण-रत्नागिरीत मिळाले नाहीत तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. गणपतीला गावी येणाऱ्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा.

वायरीबद्दल बरेच गैरसमज आहेत. व्हिडिओला ७५ ओहमचीच वायर हवी, असं सांगितलं जातं आणि तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. पण हा सिग्नल पाच-सहा मेगाहर्ट्झच्या आतला असतो आणि त्याची वायरीतली तरंगलांबी तीस-चाळीस मीटरच्या घरात जाते. दीड-दोन मीटरच्या केबलीत ओहमचा फरक डोळ्याला दिसत नाही. दिसतो तो जाळीचा, म्हणजे शिल्डिंगचा. म्हणून मोबाइल चार्जरची किंवा स्पीकरची उघडी वायर वापरू नका. सीसीटीव्ही बसवणाऱ्यांकडे 'थ्री प्लस वन' नावाची केबल असते. तिच्यात एक बारीक कोॲक्स (मधली तार आणि तिच्याभोवती जाळी) आणि तीन साध्या तारा असतात. दोन मीटर तुकडा घ्या: कोॲक्सवरून व्हिडिओ, एका साध्या तारेवरून आवाज, दुसरीवरून आवाजाचं ग्राउंड. केबल टीव्हीची जाड आरजी-६ घेऊ नका, ती कडक असते आणि प्लगच्या टोपणात मावत नाही.

घेताना तार तांब्याची आहे का ते पाहा. चुंबक चिकटला तर आत पोलाद आहे. ब्लेडने खरवडल्यावर आतून पांढरी चकाकी दिसली आणि चुंबक चिकटला नाही, तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ते नीट सोल्डर होत नाही, दोन-तीनदा वाकवलं की तुटतं आणि खाऱ्या हवेत फार लवकर खराब होतं. बाहेरून पांढुरकी पण आतून तांबूस असेल तर ती तांब्याच्या तारेवरची कथिलाची कल्हई आहे, आणि आपल्या भागासाठी तीच सर्वांत चांगली.

जोडणी: प्लगचं टोपण आणि हीट श्रिंकचे, म्हणजे तापवल्यावर आवळणाऱ्या नळीचे, तुकडे आधी वायरीत ओवा. हे विसरलं की झालेलं सगळं काम उकलावं लागतं. वायरीचं वरचं आवरण साधारण २० मिलिमीटर सोला, आतल्या तारांची टोकं ३ मिलिमीटर उघडी करा आणि त्यांना आधीच सोल्डर पाजा. पिनेच्या खोबणीतही थोडं सोल्डर भरून ठेवा. २५ वॅटचं आयर्न आणि ६०/४० ची, रोझिन आत असलेली, साधारण ०.८ मिलिमीटरची सोल्डर तार पुरे. प्लगचं प्लास्टिक उष्णतेने मऊ होतं आणि पिना तिरक्या होतात. त्यासाठी प्लग एखाद्या सुट्या सॉकेटात खुपसून मगच सोल्डर करा, म्हणजे पिना सरळ राहतात. संगणकाचं सॉकेट या कामाला वापरू नका. टोक पिनेवर दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही. जमलं नाही तर थांबा, गार होऊ द्या, पुन्हा करा.

कोॲक्सची मधली तार पिन ४ ला, आवाजाची तार पिन ३ ला, जाळी आणि आवाजाचं ग्राउंड दोन्ही पिन २ ला. जाळीचा एकही सुटा केस शेजारच्या पिनेला लागता कामा नये. दुसऱ्या टोकाला पिवळ्या प्लगच्या मध्यभागी व्हिडिओ आणि कडेला जाळी, पांढऱ्याच्या मध्यभागी आवाज आणि कडेला त्याचं ग्राउंड. टोपणातली पत्र्याची चिमटी वायरीच्या बाहेरच्या आवरणावर दाबा. ओढ आवरणाने घ्यावी, सोल्डरने नाही.

मग मीटर बीपवर ठेवा, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की तो वाजेल. ४ ते पिवळ्याचा मध्य, ३ ते पांढऱ्याचा मध्य, २ ते दोन्हींच्या कडा: एवढ्याच जोड्या वाजल्या पाहिजेत. बाकी प्रत्येक जोडी मुकी हवी. बीप चालू असताना दोन्ही टोकांशी वायर हलवून पाहा. आवाज तुटला तर तो जोड कच्चा आहे, पुन्हा करा.

कमोडोर ६४ साठी एस-व्हिडिओ केबल बनवली. अक्षरं स्वच्छ येतात, पण रंग भडक आहेत आणि त्यात चौकड्यांची नक्षी दिसते. केबल चुकली का? — वाचक, सावंतवाडी

जोडणी बरोबर आहे, एक रेझिस्टर राहिला. एस-व्हिडिओत उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जातात, आणि कमोडोरचा क्रोमा सिग्नल त्याच्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा असतो. पिन ६ कडून येणाऱ्या तारेत ३०० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर मालिकेत घाला. ३३० चा (नारिंगी, नारिंगी, तपकिरी, सोनेरी) सहज मिळतो आणि तोही चालतो. प्लगच्या टोपणात तो मावतो, पण त्याच्या दोन्ही पायांवर हीट श्रिंक हवी. ल्युमाच्या तारेत रेझिस्टर घालू नका, चित्र काळवंडेल.

ल्युमा आणि क्रोमा दोन वेगळ्या जाळीदार तारांतूनच न्या. एकाच जाळीत दोन्ही नेल्या की रंगाचा सिग्नल उजेडाच्या सिग्नलमध्ये झिरपतो आणि बारीक ठिपके दिसू लागतात. चार पिनांचा मिनी-डीआयएन प्लग हाताने सोल्डर करणं त्रासाचं आहे, त्यापेक्षा तयार एस-व्हिडिओ केबल मधोमध कापून तिचं एक टोक वापरा. तिच्यात पिन १ ल्युमाचं ग्राउंड, २ क्रोमाचं ग्राउंड, ३ ल्युमा, ४ क्रोमा. रंगांवर विसंबू नका, बीप लावून प्रत्येक तार शोधा.

हे वाचून केबल करायला घेणाऱ्यांसाठी: इथे आठ पिनांचा प्लग लागतो आणि त्याचे २६२ व २७० अंश असे दोन प्रकार येतात. कमोडोरला २६२ चा हवा. दुसरा जोर लावून बसवला तर सॉकेटातल्या पट्ट्या वाकतात. ज्या जुन्या यंत्रांना पाचच भोकं आहेत त्यांत क्रोमा बाहेर आणलेलाच नाही. पण तिथेही पिन १ टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला जोडली तर कृष्णधवल आणि अतिशय रेखीव चित्र मिळतं. नुसते बेसिक भाषेतले प्रोग्राम लिहायचे असतील तर आम्हाला तेच जास्त आवडतं.

आणि केबल निर्दोष असूनही उभ्या फिकट पट्ट्या दिसत असतील, तर त्या बोर्डावरच्या गोंगाटाच्या असतात. केबल बदलून त्या जाणार नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात बनवलेली केबल पावसाळ्यानंतर दगा देते. चित्र फडफडतं, वायर हलवली की येतं. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. — वाचक, मालवण

टोपण उघडा. जाळीवर हिरवट थर दिसला तर तो कळंक आहे. कोॲक्सच्या जाळीत बारीक केसांमधून ओलावा वर चढत जातो, त्यामुळे टोकाशी हिरवं दिसत असलं तरी आत दोन-तीन इंचांपर्यंत तार काळी पडलेली असते. काळी तार घासून सोल्डर लावायच्या भानगडीत पडू नका. चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत जा आणि तिथून नवा जोड करा. म्हणूनच आपल्याकडे केबल मुळातच पाव मीटर जास्त लांब ठेवावी.

दोष कुठून आला हेही पाहायला हवं. बहुधा तीनपैकी एक कारण निघतं. पहिलं, सोल्डरिंग पेस्ट. डबीतली पेस्ट पुष्कळदा आम्लयुक्त असते, पत्र्याच्या आणि नळाच्या कामाला ती ठीक, पण तारेवर उरली की दमट हवेत तांबं खात राहते. रोझिनच वापरा आणि जोड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवा. दुसरं, सिलिकॉन. छपराची गळती बंद करायला आणलेलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन प्लगमध्ये भरलं असेल तर सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि जोड आतल्या आत गंजतो. भरायचंच असेल तर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं घ्या. तिसरं, उघडं टोक. वायरीचं आवरण जिथे संपतं तिथे आतून गोंद असलेली हीट श्रिंक बसवा. ती तापली की गोंद वितळून फट बुजते.

प्लगच्या पिना मळल्या असतील तर पॉलिश पेपर लावू नका. वरचा निकेलचा मुलामा जातो आणि मग खाली पितळच उरतं. काँटॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, बस. जूनमध्ये केबल बंद करून ठेवायची असेल तर झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये तापवा, ते पुन्हा निळे होतात.

डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे. त्याला टीव्हीच्या वायरीशिवाय दुसरं सॉकेटच नाही. — वाचक, चिपळूण

डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन आणलेलं हे सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसचंच भारतीय रूप. न उघडता काम भागवायचं असेल तर आरसीए ते टीव्ही पिन अशी जाळीदार केबल करा आणि टीव्हीवर ॲनालॉग मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये यूएचएफ चॅनेल ३६, म्हणजे ५९१.२५ मेगाहर्ट्झ शोधा. आवाज टीव्हीत येणार नाही, तो यंत्रातल्या छोट्या स्पीकरमधूनच येतो.

पत्र्याच्या डबीतला मॉड्युलेटर बाजूला करून थेट कंपोझिट काढलं तर चित्र कितीतरी सुधारतं. डबीत बोर्डाकडून दोन तारा जातात. यंत्र चालू करून डबीच्या पत्र्याच्या संदर्भाने दोन्हींवर डीसी मोजा. जिच्यावर स्थिर ५ व्होल्ट मिळतात ती पुरवठ्याची, दुसरी व्हिडिओची. या ओळखीत चूक झाली तर टीव्हीच्या सॉकेटात ५ व्होल्ट जातील, म्हणून दोनदा मोजा. यंत्र बंद करा, पुरवठ्याची तार डबीपासून सोडवून हीट श्रिंकने झाका. आरसीए सॉकेटच्या मध्याला आतून आलेला रेझिस्टर सोडवा. व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टच्या कपॅसिटरमधून त्या मध्याला जोडा, कपॅसिटरचा धन पाय बोर्डाकडे. आता जुनं सॉकेट तेच, सिग्नल मात्र कंपोझिट. साधी आरसीए केबल लावा.

एक धोका: स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या पिनेत मध्यभाग ऋण असतो. बाजारातले बहुतेक ॲडॅप्टर याच्या उलट असतात.

शाळेच्या भांडारात बीबीसी मायक्रो मिळाला. विद्यार्थ्यांना दाखवायचा आहे. — एक शिक्षक, कणकवली

१९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या संगणक साक्षरता प्रकल्पातून हे यंत्र भारतातल्या शाळांत पोहोचलं होतं. सर, कृपया लगेच प्लग लावू नका. यातल्या बहुतेक पॉवर सप्लायमध्ये पारदर्शक पिवळसर आवरणाचे रिफा कपॅसिटर आहेत. त्यांना तडे जातात, ओलावा शिरतो आणि चालू केल्यावर थोड्या वेळात ते धूर काढत फुटतात. १०० आणि १० नॅनोफॅरडचे, एक्स-२ दर्जाचे नवे कपॅसिटर टाकून घ्यावेत. हा २३० व्होल्टचा भाग आहे, तो जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्यावा.

केबल सर्वांत सोपी आहे. मागे बीएनसी सॉकेट आहे, सीसीटीव्हीवाल्यांकडे मिळणारा बीएनसी ते आरसीए जोड लावून साधी व्हिडिओ केबल जोडा. चित्र कृष्णधवल येईल. बोर्डावरची एस-३९ ही जोडणी बंद केली की त्याच सॉकेटवर रंग येतात, पण ८० अक्षरांच्या ओळी पुसट होतात. वर्गात प्रोग्रामचं लिस्टिंग वाचून दाखवायचं असेल तर कृष्णधवलच ठेवा. रंग खरोखर हवे असतील तर सहा पिनांच्या आरजीबी सॉकेटवरून घ्या: १ लाल, २ हिरवा, ३ निळा, ४ सिंक, ५ ग्राउंड, ६ वर ५ व्होल्ट. भारतीय टीव्हींना हा सिग्नल सरळ घेता येत नाही. त्यासाठी रास्पबेरी पाय झीरोवर चालणारा आरजीबी-टू-एचडीएमआय हा जोड उत्तम, तो मुळात बीबीसी मायक्रोसाठीच तयार झाला.

नव्या एलईडी टीव्हीला पिवळं सॉकेट नाही, हेडफोनसारखं एक भोक आहे. — वाचक, देवगड

ते चार पट्ट्यांचं ३.५ मिलिमीटर एव्ही सॉकेट. कोणत्या पट्टीवर ग्राउंड आणि कोणत्या पट्टीवर व्हिडिओ, हे कंपनीगणिक बदलतं. दुसऱ्या उपकरणाची तशीच दिसणारी केबल लावली की चित्राऐवजी स्पीकरमधून भुणभुण येते. टीव्हीसोबत आलेला छोटा जोड असेल तर बीप लावून त्याच्या पट्ट्या लिहून घ्या आणि तसाच प्लग करा.

एचडीएमआयचा डबा घेणार असाल तर 'एव्ही टू एचडीएमआय' घ्या. 'एचडीएमआय टू एव्ही' दिसायला हुबेहूब असतो आणि उलट दिशेने काम करतो. तरीही 'नो सिग्नल' आलं तर केबलवर राग काढू नका: हे संगणक एकाआड एक ओळींचं नेहमीचं प्रसारण पाठवत नाहीत, दर वेळी त्याच ओळी पाठवतात, आणि काही नवे टीव्ही ते ओळखत नाहीत. जुन्या नळीच्या टीव्हीवर केबल तपासून पाहा.

एकाच वेळी दोन टीव्हींना वाय-जोड लावला तर चित्र अंधारं का होतं? आणि एक आडवी पट्टी हळूहळू वर सरकते. — वाचक, वेंगुर्ला

प्रत्येक टीव्हीच्या आत ७५ ओहमचा भार असतो. दोन समांतर आले की ३७.५ होतो आणि सिग्नलची उंची उतरते. आवाजाला वाय-जोड चालतो, व्हिडिओला व्हिडिओ डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर लागतो. तो नको असेल तर पहिल्या टीव्हीच्या मागच्या 'व्हिडिओ आउट'मधून दुसऱ्याला द्या.

सरकणारी पट्टी ५० हर्ट्झची, म्हणजे अर्थिंगमधल्या फरकाची. डिश किंवा केबलवाल्याची वायर टीव्हीतून काढून पाहा. पट्टी गेली तर त्या वायरीच्या जाळीतून फेरा पूर्ण होत होता. टीव्ही आणि संगणक एकाच बोर्डच्या सॉकेटांवर घ्या, आणि घराचं अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. अर्थची पिन कापून पट्टी घालवण्याचा उपाय कुणी सुचवला तर तो अजिबात करू नका.